चोवीस डावे पाय

आजीच्या आठवणी सांगायला माणसं जमली होती, आणि तिथे माझी माझ्याशीच ओळख करून देण्यात आली.

"ही टाचणी," शेजारच्या दुकानातले चष्मेवाले मला म्हणाले. "आजींची नात. शेवटपर्यंत हिनेच केलं हो सगळं. आजकाल कोण करतं एवढं?"

ज्या बाईकडे त्यांनी हात केला होता ती माझ्याहून सात-आठ वर्षांनी तरी लहान होती. अंगात राखाडी स्वेटर, हातात चहाच्या कपांचा ट्रे. मी तिला जन्मात पाहिलं नव्हतं. मला बघून तिचा चेहरा खर्रकन उतरला आणि ट्रे घेऊन ती तशीच पुढच्या रांगेकडे वळली.

"आणि तुम्ही कोण त्यांच्या?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

टाचणी मी आहे. वयाच्या पाचव्या वर्षापासून, म्हणजे गेली सदतीस वर्षं, मीच टाचणी आहे. आई गेली, बाबा महिनोन् महिने ट्रकवर, म्हणून मला आजीकडे आणून सोडलं. आजीचं शाळेच्या गणवेशांचं दुकान होतं. ती गिऱ्हाईकाच्या अंगावर कापड टाचायची आणि मी खाली बसून डबीतून एकेक टाचणी तिच्या हातात द्यायची. तेव्हापासून माझं खरं नाव शाळेच्या हजेरीपटाबाहेर कुणी उच्चारलं नाही. एवढं सगळं चष्मेवाल्यांच्या तोंडावर फेकायचं होतं. माझ्या जिभेला या गल्लीत एके काळी सगळे वचकून असत. पण त्या दिवशी तोंडातून निघालं ते एवढंच, "पाहुणी."

चष्मेवाल्यांचा दोष नव्हता. त्यांना या गल्लीत येऊन तीनच वर्षं झाली होती. पण त्यांच्या पलीकडे बसलेले निवृत्त बसड्रायव्हर? त्यांच्या दोन्ही मुलांच्या पँटींना काज-बटण मी केलेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या बाईकडे पाहिलं, आणि आपल्या कपातला चहा निरखायला घेतला. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. ज्यांना ज्यांना मी गल्लीतली जुनी माणसं म्हणून ओळखत होते त्या सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मी सरळ आत गेले. दुकानाच्या मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आजीला विसरण्याचा आजार जडल्यावर आत्या, म्हणजे आजीची मुलगी, आपलं घर बंद करून इथेच राहायला आली होती. ती ओट्यापाशी बिस्किटं ताटलीत मांडत होती.

"आत्या, ती बाई कोण?"

"कुठली बाई?"

"आत्या, मला डोळे आहेत. कानही आहेत."

तिने बिस्किटाचा पुडा खाली ठेवला. "तुझ्या आजीला सांभाळायला ठेवली होती ती. मी तुला फोनवर सांगितलं होतं की, मदतीला एक मुलगी ठेवलीय म्हणून."

"तिचं नाव टाचणी आहे हे नव्हतं सांगितलंस."

आत्याने दार लोटून घेतलं. तिने जे सांगितलं ते असं. आजी रोज संध्याकाळी चार वाजले की चपला घालून दारात उभी राहायची. टाचणी शाळेतून आली नाही, म्हणायची. टाचणी चाळीस वर्षांची आहे, दुसऱ्या शहरात कारखान्यात कापड कापते, असं सांगितलं की अंगावर धावून यायची. दोनदा बसथांब्यावर सापडली. जेवण बंद केलं. आणि एक दिवस ही नवीन मुलगी कामाला राहायला म्हणून सामान घेऊन दारात आली, आजी म्हणाली, "आलीस टाचणे?", आणि ही बापडी घाबरून "हो" म्हणाली. त्या दिवशी आजी तीन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

"मग काय करायला हवं होतं मी? जेवत्या माणसाच्या हातातला घास काढून घ्यायचा?"

"मला बोलवायचं होतंस."

"आली होतीस की तू सुरुवातीला. चार दिवस राहून गेलीस आणि मागे आठवडाभर तिने रडून डोळे सुजवून घेतले. ते निस्तरायला तू नव्हतीस."

हे खरं होतं. पण खरं बोलून माणूस गप्प करता येतो म्हणून ते बोलणाऱ्याला माफ करावं असं कुठे लिहिलेलं नाही. त्यानंतर मी प्रत्येक सुट्टीला विचारलं, येऊ का? प्रत्येक वेळी आत्या म्हणाली, नको, ती आता कुणालाच ओळखत नाही, उगीच तुलाच त्रास होईल. आणि मी ऐकलं. कुणालाच ओळखत नाही! इथे ती टाचणीला रोज हाका मारत होती, टाचणीच्या हातून औषध घेत होती, टाचणीचा हात धरून गल्लीतून फेरी मारत होती. फक्त ती टाचणी मी नव्हते.

"दोघी समोर आल्या असत्या तर ती बिथरली असती," आत्या म्हणाली. "म्हणून म्हटलं नको. आणि हे बघ, आज बाहेर तमाशा करू नकोस. नवीन लोकांना वाटतं ती नातच आहे. आता कुणाकुणाला काय सांगत बसू?"

मला एकच गोष्ट विचारायची होती. रागाच्या वर, अपमानाच्या वर, तेवढी एकच.

"या तीन वर्षांत एकदा तरी तिने माझी आठवण काढली?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. ती थकली होती, हेही मी पाहिलं. पण तिने उत्तर दिलं ते असं, "टाचणी समोर होती ना तिच्या. आठवण कशाला काढेल?"

ती बिस्किटांची ताटली घेऊन बाहेर गेली. मी ओट्याला टेकून उभी राहिले. पर्समध्ये घडी घातलेला कागद होता. मला चारचौघांत बोलायची सवय नाही, म्हणून मी येताना गाडीत आजीची एक आठवण लिहून काढली होती. तीच सांगायची आणि बसायचं, असं ठरवलं होतं. ती आठवण माझी होती, तेवढी तरी माझी होती, अशी समजूत घालून मी बाहेर जाऊन मागच्या खुर्चीवर बसले.

दुकानातली शिवणयंत्रं भिंतीला लावून मध्ये तीसेक खुर्च्या मांडल्या होत्या. कापायच्या टेबलावर आजीचा फोटो. एकेक जण उठत होता. कुणी सांगितलं, आजींनी मुलाच्या पँटीला दरवर्षी दोन बोटं जास्तीची दुमड ठेवली, म्हणून एकाच पँटीत तीन वर्षं निघाली. कुणी सांगितलं, आजी टेप न लावता नुसत्या नजरेने कंबर सांगायच्या आणि ती ऐकून गिऱ्हाईक चिडायचं. लोक हसत होते. मीही हसले असते.

मग आत्या म्हणाली, "टाचणी, तू बोल."

मी अर्धी उठले होते. खरंच सांगते, अर्धी उठले होते. तोवर ती स्वेटरवाली पुढे येऊन उभी राहिली. आत्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मी आठ वर्षांची होते," ती म्हणाली. आवाज हळू, पण कुठेही अडखळला नाही. "दुपारी आजी जरा पडली होती. टेबलावर पँटींचं कापड होतं. मला वाटलं, आपणच कापून ठेवू, आजी खूश होईल. आता कापड दुमडून घ्यायचं असतं, म्हणजे डावा पाय आणि उजवा पाय एकदम निघतो. मी ते सरळ पसरलं आणि एकच खाका पुन्हा पुन्हा ठेवून कापत सुटले. बारा पँटी. चोवीस पाय. चोवीसच्या चोवीस डावे."

लोक खदखदून हसले. मी कागद मुठीत धरून बसले होते. कागदावर हेच होतं. अक्षरन् अक्षर हेच.

"आजी उठली, तिने तो ढीग पाहिला आणि हसत हसत खालीच बसली. म्हणाली, आता दोन्ही पाय डावे असलेल्या पोरांची शाळा शोधायला हवी. मग तिने बारा पाय उलटे केले. उलटी बाजू जरा फिकट होती. त्या वर्षी एका वर्गातल्या बारा पोरांचा एक पाय गडद निळा आणि एक फिकट. मुख्याध्यापिका विचारायला आल्या तर आजी म्हणाली, यंदा हीच फॅशन आहे."

तिला हे कसं कळलं ते मला तेव्हाच कळलं. मी सांगितलं होतं. दर रविवारी फोनवर. आजीला फोनवर बोलणं जमत नाही म्हणून आत्या म्हणायची, तू मला आठवणी सांगत जा, मी तिला सांगते, तिला बरं वाटतं. तीन वर्षं मी दर रविवारी एक आठवण सांगितली. तापात आजीने कपाळावर ठेवलेली ओली पट्टी, पहिल्या पाळीला तिने केलेली थट्टा, बाबा गेल्याचं कळलं तेव्हा तिने यंत्र न थांबवता पुरी केलेली शिवण. कधी आवाज भरून आला तर आत्या म्हणायची, सावकाश सांग, मी लिहून घेतेय. मला त्याचंही कौतुक वाटायचं. लिहून घेतेय! परीक्षेला बसणाऱ्या मुलीसाठी उत्तरं लिहून घ्यावीत तशी ती माझं लहानपण उतरवून घेत होती, आणि मी मूर्ख, डोळे पुसत पुसत पुरवत होते.

ती बाई थांबेल असं मला वाटलं, कारण माझ्या कागदावर गोष्ट इथेच संपत होती. पण ती पुढे बोलली.

"आजीने मला एक गोष्ट नंतर सांगितली. अगदी शेवटच्या महिन्यांत. ती त्या दुपारी झोपली नव्हतीच. दारात उभी राहून बघत होती. पहिल्या दोन पायांनंतरच तिला कळलं होतं, मी चुकतेय. पण तिने हाक मारली नाही. म्हणाली, तुझी कात्री इतकी सरळ चालली होती की, मला थांबववेना. म्हटलं, कापड गेलं तर जाऊ दे. या पोरीचा हात माझ्याहून चांगला आहे."

कुणीतरी नाक ओढलं.

हे मला माहीत नव्हतं. चौतीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आजीने माझ्या कामाला कधी बरं म्हटलं नाही. मी कापलेला तुकडा ती उजेडात धरायची, "चालेल" म्हणायची आणि पुढचा घ्यायची. मी कारखान्यात मुख्य कापणारी झाले, माझ्या हाताखाली नऊ जण आले, ते तिला सांगायला मी खास आले होते, तेव्हाही ती "चालेल"च म्हणाली होती. आयुष्यभर ज्या एका वाक्यासाठी मी कात्री सरळ धरली, ते वाक्य तिने बोलून टाकलं होतं, आणि ते ऐकायला पगारावर ठेवलेली एक परकी बाई समोर होती. आत्याचा आलेला राग मला समजत होता. आजीचा आलेला राग कुठे ठेवावा ते समजेना. मेलेल्या, मेंदू विझलेल्या म्हातारीवर कुणी चिडतं का? मी चिडले होते. तिने माझं देणं भलत्याच पदरात टाकलं होतं.

"आता माझी भाची दोन शब्द बोलेल," आत्या म्हणाली. "बाहेरगावी असते."

मी उभी राहिले. तीस चेहरे वळले. कागदावर होतं ते सगळं सांगून झालं होतं, आणि तेही माझ्याहून चांगलं. आता ओरडून सांगितलं असतं की, ही खोटी, मी खरी, तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं. बसड्रायव्हर साक्षीला उठले असते असं त्यांच्या मानेकडे बघून वाटत नव्हतं.

"कापायला मी यांच्याकडूनच शिकले," मी म्हणाले आणि खाली बसले. एकदोघांनी मान डोलावली. मग चष्मेवाले बोलायला उठले, आणि मी मागच्या दाराने अंगणात गेले.

अंगणात कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आणि एक पाण्याचा नळ. मी तोंड धुतलं. वळले तर ती दारात उभी.

"ताई," ती म्हणाली, "मी तुम्हाला फोटोवरून ओळखलं. मघाशी तोंड चुकवलं. चुकलं माझं."

"मघाशी नाही चुकलं तुमचं. तीन वर्षं चुकलं."

"हो."

असं सरळ "हो" म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. तरी मी प्रयत्न केला. "माझी गोष्ट सांगताना लाज नाही वाटली?"

"आज वाटली. तुम्ही समोर होता. पण तुमच्या आत्यांनी सकाळीच बजावलं होतं की, हीच सांग. आणि खरं सांगू? रोज सांगून सांगून ती मला माझीच वाटायला लागली होती. मला आजी नव्हती. माझं असं कुणी कधी हसत खाली बसलेलं नाही. आणि ती शेवटचं बोलली ते तरी तुमचं तुम्हाला मिळावं, म्हणून मी ते सगळ्यांसमोर बोलले. एरवी कसं पोचवणार होते?"

ती आजीला "ती" म्हणत होती, आम्ही घरचे म्हणतो तसं. मला ते खटकलं. आणि तेवढ्यातच हेही कळलं की, मला जे हवंय ते फक्त हिच्याकडेच आहे. म्हणून मी सगळा ताठा गिळून विचारलं. "तुम्ही तिच्याजवळ दिवसभर असायचा. तिने एकदा तरी ओळखलं का, की तुम्ही मी नाही?"

दार मागून लोटून घेत ती म्हणाली, "एकदा."

मी पायरीवर बसले.

"गेल्या वर्षी. दुपारची वेळ. मी तिचे केस विंचरत होते. तिने आरशात माझ्याकडे पाहिलं आणि अगदी स्वच्छ विचारलं, बाळ, तू कोण? माझी टाचणी कुठे आहे? मी घाबरले. तुमच्या आत्या बाहेर गेल्या होत्या. मी म्हटलं, टाचणी कामाला गेलीय. तर म्हणाली, मग तिला फोन लाव. मला तिच्याशी बोलायचंय."

तिने माझी आठवण काढली होती. पुढचं ऐकायची मला घाईच राहिली नाही. तिने मला हाक मारली होती. मी परकीच्या आड पूर्ण झाकले गेले नव्हते.

"आणि लावला नाहीत तुम्ही," मी म्हणाले. आवाजात राग होता, पण खरं तर मला तिला घट्ट धरावंसं वाटत होतं. "आत्याच्या भीतीने."

"लावला, ताई."

"मला कुणाचा फोन आला नाही."

"माझ्या फोनवरून लावला. नंबर तुमच्या आत्यांच्या वहीत होता. तुम्ही उचललात. मागे यंत्रांचा आवाज येत होता. मी आजीच्या कानाला लावला. तिला लगेच बोलता येईना, नुसती श्वास घेत राहिली. तुम्ही विचारलंत, कोण आहे? दोनदा विचारलंत. मग म्हणालात, कामधंदे नाहीत का तुम्हाला, भरदुपारी कसले फोन करता, पुन्हा या नंबरवर फोन आला तर बघा. आणि ठेवलात."

मी आठवायला लागले. गेल्या वर्षी. दुपार. शाळा सुरू होण्याआधीचा हंगाम असेल, तेव्हा आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. असे फोन येतात. कर्जवाल्यांचे, विमेवाल्यांचे, कुणीच बोलत नाही असेही. सगळ्यांनाच मी झापते. हाताखालची पोरं हसतात. मी खूप आठवलं. मला तो फोन आठवत नाही. अजूनही आठवत नाही.

"दुसऱ्या दिवशी मी पुन्हा करून पाहिला," ती म्हणाली. "लागला नाही. तुम्ही माझा नंबर ब्लॉक करून टाकला असावा."

"टाकला असेल," मी म्हणाले.

आत टाळ्या वाजल्या. चष्मेवाल्यांचं बोलणं संपलं असावं. कुणीतरी आतून "टाचणी" अशी हाक मारली, आणि आम्हा दोघींपैकी कुणीच हललं नाही.

"मी ठेवल्यावर," मी विचारलं, "ती काय म्हणाली?"

"राहू द्या ना, ताई."

"सांगा."

तिने स्वेटरच्या बाह्या ओढून हात आत घेतले. "फोन माझ्या हातात परत दिला. म्हणाली, ही भलतीच कुणीतरी आहे. माझी टाचणी माझ्यावर अशी खेकसत नाही. मग माझा हात धरला आणि म्हणाली, तू इथेच आहेस की. मी उगीच शोधत बसले."